चार गुंजांची कॅप्सूल

रायपूरचा सदर बाजार सराफांचा. दागिन्यांच्या पेढ्या, मध्येच जैन मंदिर, आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या तोंडी अजून तोळा, मासा, रत्ती. गोल बाजार इथून पायी जाण्याच्या अंतरावर. तिथे पन्साऱ्यांकडे हिरडा, बेहडा, आवळकाठी, वावडिंग, नागरमोथा, शतावरी असं सगळं सुटं मिळतं. छत्तीसगडच्या जंगलातला हा माल एका वाटेने पुडीत बांधला जातो. दुसऱ्या वाटेने कारखान्यात जातो आणि कॅप्सूल, सिरप, ज्यूस होऊन औषधाच्या दुकानात परत येतो. एकच गुळवेल: काड्या, चूर्ण, घनवटी, कॅप्सूल, रस. तात्यापाऱ्यातल्या एखाद्या मराठी घरात सासूबाईंना बाटली हवी असते, कारण औषध कडू लागल्याशिवाय त्यांना घेतल्यासारखं वाटत नाही. सुनेला कॅप्सूल हवी असते, ती पर्समध्ये टाकून ऑफिसला नेता येते. दोघींचं भांडण रूपावरून चालतं. मला विचाराल तर आधी वजन विचारावं, रूप मागाहून.

वजनाचं बोलायला सदर बाजारासारखी जागा नाही, कारण सराफ आणि वैद्य पिढ्यान्‌पिढ्या एकाच मापाने मोजत आले. आठ गुंजांचा मासा, बारा मास्यांचा तोळा. सराफी तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणून गुंज साधारण 121 मिलिग्रॅमची. (आता पेढीवर तोळा म्हटलं की बहुतेकदा सरळ 10 ग्रॅम समजतात, तो भाग वेगळा.) भारत सरकारच्या आयुर्वेदिक फॉर्म्युलरीने औषधांसाठी हीच मापं सोयीने गोल केली: गुंज 125 मिलिग्रॅम, मासा 1 ग्रॅम, तोळा म्हणजे कर्ष 12 ग्रॅम. ही गुंज म्हणजे लाल, टोकाला काळा ठिपका असलेली बी. मोजायला उत्तम, पोटात गेली तर विष. आयुर्वेदानेही तिला उपविषातच बसवलंय.

या हिशेबाने बाजारातली नेहमीची 500 मिलिग्रॅमची कॅप्सूल चार गुंजांची झाली.

आता ती कॅप्सूल जवळून पाहू. वनौषधींसाठी सर्रास वापरतात ते टरफल ‘शून्य’ नंबरचं. या नंबरांची गंमत अशी की आकडा वाढला की कॅप्सूल लहान होते: पाच नंबर सगळ्यात चिमुकला, शून्य मोठा, दोन आणि तीन शून्यं त्याहून मोठी. शून्य नंबरात 0.68 मिलिलीटर जागा असते. वनस्पतीचं चूर्ण हलकं आणि तंतुमय, त्यामुळे त्या जागेत साडेचारशे-पाचशे मिलिग्रॅमच्या वर ते मावत नाही. रिकामं टरफलच जवळपास 96 मिलिग्रॅमचं. सराफाच्या मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर भरलेली कॅप्सूल ठेवली आणि 590 चा आकडा दिसला, तर त्यातले शंभरेक टरफलाचे वजा करायचे. औषधाच्या नावाने हाती आलं ते उरलेलं.

आणि मात्रा किती हवी? त्रिफळा चूर्णाची रोजची मात्रा सहसा 3 ते 6 ग्रॅम सांगतात, म्हणजे तीन ते सहा मासे. 500 मिलिग्रॅमच्या हिशेबाने त्या सहा ते बारा कॅप्सूल होतात. बाटलीवर मात्र ‘एक किंवा दोन कॅप्सूल, दिवसातून दोनदा’ असं लिहिलेलं असतं. जास्तीत जास्त घेतल्या तरी 2 ग्रॅम. साठ कॅप्सूलच्या बाटलीत एकूण 30 ग्रॅम चूर्ण, म्हणजे अडीच तोळे. तेवढं चूर्ण वैद्याच्या मात्रेने पाच ते दहा दिवसांत संपतं, आणि बाटली मात्र महिनाभराची म्हणून विकली जाते. सोन्याचा भाव तोळ्यावर ठरवणाऱ्या गल्लीत कॅप्सूलचाही भाव तोळ्यावर काढून बघावा. बाटलीच्या किमतीला अडीचने भागायचं आणि शेजारच्या पन्साऱ्याकडे त्याच चूर्णाचा तोळ्याचा भाव विचारायचा. फरक टरफलाचा, छपाईचा आणि सोयीचा निघतो. सोयीला किंमत असायला माझी हरकत नाही, पण ती किती मोजतोय ते कळावं.

हे झालं साध्या चूर्णाच्या कॅप्सूलचं. दुसरी जात अर्काच्या, म्हणजे एक्स्ट्रॅक्टच्या कॅप्सूलची. दिसायला दोघी सारख्याच, फरक फक्त पाठीमागच्या बारीक अक्षरांत. तिथे ‘चूर्ण’ किंवा ‘पावडर’ लिहिलं असेल तर वरचा हिशेब लागू. ‘घन’, ‘सत्त्व’ किंवा ‘एक्स्ट्रॅक्ट’ असेल तर हिशेब बदलतो. वनस्पती पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये उकळून, गाळून, आटवून, सुकवून जे उरतं ते घन. 10:1 लिहिलेलं असेल तर दहा किलो वनस्पतीपासून एक किलो घन निघाला असा अर्थ. मग अशा घनाची 300 मिलिग्रॅमची कॅप्सूल कागदावर तीन ग्रॅम मूळ वनस्पतीच्या बरोबरीची होते.

कागदावर हा शब्द मुद्दाम वापरला. प्रमाण एवढंच सांगतं की माल आटवला. कशात आटवला ते सांगत नाही, आणि पाण्याने जे ओढून येतं आणि अल्कोहोलने जे येतं ते एक नसतं. म्हणून चांगल्या लेबलावर प्रमाणाच्या जोडीला मुख्य घटकाची टक्केवारीही असते. उदाहरणार्थ ‘अश्वगंधा मुळाचा अर्क 300 मिलिग्रॅम, विथॅनोलाइड 5 टक्के’, म्हणजे प्रत्येक कॅप्सूलमध्ये 15 मिलिग्रॅम विथॅनोलाइड. अश्वगंधेवरच्या बऱ्याच चाचण्या अशा 300 मिलिग्रॅम अर्काच्या, दिवसातून दोनदा अशा मात्रेवर झाल्या आहेत. त्या चाचण्यांचा हवाला देऊन साध्या चूर्णाची 500 मिलिग्रॅमची कॅप्सूल विकली, तर आकडा मोठा दिसतो आणि माल लहान असतो.

हळदीत हा फरक आणखी उघडा पडतो. हळदीत कर्क्युमिनॉइड साधारण तीन टक्के. 500 मिलिग्रॅम हळद भरलेल्या कॅप्सूलमधून पंधराएक मिलिग्रॅम मिळतं. ते आपण आमटीतही खातो. 95 टक्क्यांच्या अर्काची तेवढीच कॅप्सूल 475 मिलिग्रॅम देते. पण दिलं म्हणून रक्तात पोचलं असं नाही. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून फार थोडं शोषलं जातं आणि शोषलेलं यकृत लगेच बाहेर काढायला घेतं. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पिपरिन 20 मिलिग्रॅम दिलं तर माणसाच्या रक्तात पोचणारं प्रमाण वीसेक पटींनी वाढतं. तेव्हापासून हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिरी घालायची पद्धत पडली. मिरी मात्र फक्त हळदीचं दार उघडून थांबत नाही. दुसरी काही औषधंही तिच्यामुळे रक्तात जास्त पोचू शकतात. रोज गोळ्या घेणाऱ्याने हे विसरू नये.

इथून द्रवाकडे वळू, कारण बाटली की कॅप्सूल याचं निम्मं उत्तर वनस्पतीच देते. तिचा कामाचा भाग पाण्यात उतरतो का?

हिरडा, बेहडा, आवळा यांतली तुरट द्रव्यं पाण्यात चांगली उतरतात. त्यांचा काढा हे नैसर्गिक रूप आहे. हळदीचा नुसत्या पाण्यातला काढा त्या मानाने गरीब, म्हणून घरात हळद दुधात किंवा तुपात जाते. दुधातल्या स्निग्धाचा आधार लागतो. अश्वगंधेचंही तसंच, ती दुधाबरोबर घ्यायला सांगण्यात नुसती चवीची सोय नाही. गुग्गुळ हा डिंक. त्याचं सिरप करत बसण्यात अर्थ नाही, तो गोळीतच शोभतो. कालमेघाला इकडे भुईनीम म्हणतात. तो इतका कडू की काढ्याचा एक घोट घेतल्यावर पुढचा तासभर तोंड ताळ्यावर येत नाही, शिवाय त्यातला मुख्य घटक अँड्रोग्राफोलाइड पाण्यात कमीच विरघळतो. त्याच्यासाठी कॅप्सूल दोन्ही बाजूंनी रास्त. उलट भूक लागावी म्हणून जेवणाआधी कडू घ्यायला सांगितलं असेल, तर जिभेला कडू कळणं हाच उपचाराचा भाग असतो. तिथे कॅप्सूल गिळून आपण औषधाचा अर्धा हेतू गिळून टाकतो. सासूबाईंचं म्हणणं अगदीच पोकळ नाही ते या ठिकाणी.

काढ्याचं जुनं प्रमाण आयुर्वेदाचार्य शार्ङ्गधराने दिलंय: एका भागाला सोळा पट पाणी, आणि उकळून आठवा भाग उरवायचा. एक पळ, म्हणजे 48 ग्रॅम भरड, तर 768 मिलिलीटर पाण्याचं 96 मिलिलीटर होतं. आज घरोघरी ‘दोन कपांचा अर्धा कप’ करतात, म्हणजे चौथाई उरवतात. दोन्ही चालतं, पण झाकण न ठेवता मंद आचेवर. सुगंधी वनस्पती असेल, तुळस, वेलदोडा, बडीशेप, तर मात्र उलट: सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं म्हणून ती उकळायची नाही, गरम पाण्यात झाकून ठेवायची. त्याला फांट म्हणतात. चहा आपण असाच करायला हवा होता, पण तो विषय काढला की घरात शत्रू वाढतात.

काढ्याची अडचण एकच, तो टिकत नाही. सकाळचा संध्याकाळी आंबतो. या अडचणीवर आयुर्वेदाने काढलेली तोड म्हणजे आसव आणि अरिष्ट, आणि तिचा एक धागा थेट छत्तीसगडच्या जंगलात येतो. अरिष्टासाठी काढा करायचा, त्यात गूळ किंवा मध घालायचा, आणि धायटीची फुलं टाकून भांड्याचं तोंड बंद करून ठेवायचं. धायटीला इथे धवई म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडाला लाल फुलांनी लगडणारं हे झुडूप. तिची वाळलेली फुलं सरकार हमीभावाने घेत असलेल्या गौण वनोपजांच्या यादीत आहेत. फुलांबरोबर यीस्ट येतं, ते गुळातली साखर खातं आणि अल्कोहोल तयार होतं. बाहेरून एक थेंबही घालावा लागत नाही. पंधरा दिवसांनी, महिन्याने वैद्य झाकण किंचित उघडून आत जळती काडी धरतो. काडी विझली तर आत अजून कर्बवायू सुटतो आहे, थांबायचं. जळत राहिली तर आंबणं पुरं झालं.

या अल्कोहोलमुळे अरिष्ट वर्षानुवर्षं टिकतं. शार्ङ्गधराच्या मते चूर्णाचा दम दोन महिन्यांत ओसरतो, गोळी आणि अवलेहाचा वर्षाने, आणि आसवं जुनी होतील तशी गुणी होतात. आजच्या कायद्यानेही हीच उतरंड मानली. औषध नियमांत चूर्णाला दोन वर्षांची मुदत आहे आणि आसव-अरिष्टाला दहा वर्षांची. तळाशी बसलेला गाळ पाहून बाटली परत करायला निघालेले लोक असतात. थोडा गाळ अरिष्टात असतोच. फसफस, फुगलेलं बूच आणि आंबट वास मात्र दिसला तर परत करावी.

बाटलीवर ‘स्वयंनिर्मित अल्कोहोल’ असा उल्लेख असतो आणि आकडा बहुधा 5 ते 10 टक्क्यांच्या आसपास. 8 टक्के धरले तर 20 मिलिलीटरच्या मात्रेत 1.6 मिलिलीटर अल्कोहोल. बिअरच्या एका छोट्या बाटलीत त्याच्या दसपट असतं, तेव्हा धडधाकट माणसाने घाबरू नये. पण दारू सोडलेल्या माणसाला, यकृताच्या रुग्णाला, गर्भवतीला, लहान मुलाला आणि मेट्रोनिडॅझोलसारखी गोळी चालू असणाऱ्याला हा आकडा बारीकसा नाही. त्यांनी वैद्याला विचारल्याशिवाय अरिष्ट उघडू नये. मधुमेह्याने गुळाकडेही बघावं. दिवसाला 40 मिलिलीटर गोड द्रव म्हणजे चहातली साखर बंद करून बाटलीतून परत आणणं.

मोजमापाचाही घोळ बाटलीतच जास्त. ‘दोन चमचे’ म्हणजे कुठले? औषधाचा चमचा 5 मिलिलीटरचा, वाढायचा 15 चा, आणि घरातला चहाचा चमचा ज्याच्या त्याच्या भांडीवाल्याच्या मर्जीचा. बाटलीबरोबर आलेलं खुणांचं झाकण फेकू नये. 450 मिलिलीटरची बाटली 20 मिलिलीटर दोन वेळा या दराने अकरा दिवसांत संपते. महिनाभर पुरली असेल तर तुम्ही अर्ध्याहून कमी घेत होता.

दुकानात जे ‘ज्यूस’ म्हणून लिटरच्या बाटल्यांत मिळतं, आवळ्याचं, गुळवेलीचं, कोरफडीचं, ते अरिष्ट नाही आणि जुन्या अर्थाने स्वरसही नाही. स्वरस ताजा वाटून, पिळून तेव्हाच प्यायचा. बाटलीतला रस टिकावा म्हणून त्यात सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट असतं आणि उघडल्यावर तो फ्रिजमध्ये ठेवून महिनाभरात संपवायचा असतो. त्यात वनस्पती किती आणि पाणी किती, हे लेबलावर नसेल तर तो घ्यायला माझं मन होत नाही.

या बाटल्यांची मोठी जाहिरात असते ती वेगाची: द्रव चटकन रक्तात जातो, कॅप्सूल नुसतीच पोटात पडून राहते. यात खरं किती ते एका पेल्यात दिसतं. पेल्यात शरीराइतकं कोमट पाणी घेऊन कॅप्सूल टाकली की आधी टरफल लिबलिबीत होतं, मग फाटतं, आणि चूर्णाचा ढग पाण्यात उतरतो. सगळं सहसा पाच-दहा मिनिटांत. औषधसंहितेने कॅप्सूल फुटायला अर्ध्या तासाची मर्यादा घातली आहे. म्हणजे द्रवाने वाचवली ती एवढीच मिनिटं. पुढचा रस्ता, जठरातून आतड्यात, आतड्यातून यकृतात, दोघांना सारखाच. डोकं दुखत असताना ही मिनिटं महत्त्वाची वाटतील. तीन महिने घ्यायच्या शतावरीत त्यांना काडीची किंमत नाही.

याच पेल्याचा दुसरा उपयोग सदर बाजारातल्या जैन घरांना होतो. नेहमीचं टरफल जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांतून काढलेलं. शाकाहारी टरफल एचपीएमसीचं, मूळ झाडाच्या सेल्युलोजचं. थंड पाण्यात जिलेटिन नुसतं फुगतं, विरघळत नाही. एचपीएमसी बहुधा थंड पाण्यातही विरघळतं. लेबलावर ‘व्हेज कॅप्सूल’ लिहिलेलं नसेल तर रात्री फ्रिजच्या पाण्यात एक टाकून बघता येते. अर्थात टरफलाचा प्रश्न मिटला म्हणून सगळं मिटत नाही. अरिष्टात मध आणि अल्कोहोल, च्यवनप्राशात मध, आणि अश्वगंधा-शतावरी ही तर मुळं. सुकलेली सुंठ-हळद चालते, ओलं आलं चालत नाही, असं बऱ्याच घरांत असतं, आणि घरागणिक रेषा वेगळी. अशा गिऱ्हाइकाला चूर्ण सगळ्यात सोपं: त्यात काय आहे ते दिसतं.

गिळायला जड जातं अशा म्हाताऱ्या माणसासाठी बाटली बरी, असं आपण गृहीत धरतो. बहुतेकदा खरं आहे. कॅप्सूल घ्यायची तर बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये. जिलेटिन ओलं झालं की चिकटतं आणि अन्ननलिकेत अडकून राहतं. पण अर्धांगवायूनंतर गिळण्याचं भान गेलेल्या माणसाला पातळ पाणीच श्वासनलिकेत जाण्याची भीती जास्त. त्याला अरिष्टाचा घोट कॅप्सूलपेक्षा सुरक्षित समजणं घातक आहे. तिथे डॉक्टर सांगतील त्या घट्टपणाचं काहीतरी द्यावं लागतं. चूर्ण किंवा घन भरलेली कॅप्सूल उघडून मुरांब्यात कालवता येते. तेलाची मऊ कॅप्सूल किंवा आतड्यातच फुटावी म्हणून लेप दिलेली मात्र उघडायची नाही.

लहान मुलांसाठी आपल्याकडे बाळगुटी होतीच. मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, हिरडा, जायफळ, सुंठ सहाणेवर दुधात उगाळायचं आणि मात्रा मोजायची ती वेढ्यांनी: जायफळाचा अर्धा वेढा, हिरड्याचे दोन. मापाच्या बाबतीत आजीचा हात सराफाइतकाच चोख असे. आज पुष्कळ बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच नको म्हणतात, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात देऊ नये; त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी तान्ह्याला बोट्युलिझम होऊ शकतो.

रायपूरच्या हवेचाही विचार करायला हवा. मे अखेरच्या नवतप्यात पारा 45 च्या घरात जातो आणि पाठोपाठ पावसाची दमट हवा येते. जिलेटिनच्या टरफलात 13 ते 16 टक्के पाणी असतं. कोरड्या उन्हात ते उडून कॅप्सूल काचेसारखी तडकते, पावसाळ्यात ओल धरून एकमेकींना चिकटते. एचपीएमसीत पाणी मुळातच कमी, ती जास्त तग धरते. आपलं नेहमीचं औषधाचं कपाट स्वयंपाकघरात शेगडीच्या वर असतं, त्याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. पुडीतलं चूर्ण जूनच्या आत घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत हलवावं. गोळे झालेलं, रंग बदललेलं, कुबट वासाचं चूर्ण चाळून घेऊ नये, टाकून द्यावं.

लेबलाची आणखी एक बाजू. आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. त्यामुळे काउंटरपलीकडच्या माणसाला औषधाची माहिती असेलच असं नाही. वाचायचं काम आपलंच. ‘आयुर्वेदिक औषध’ असे शब्द, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची नावं मात्रेसकट असतील तर ते औषध कायद्याखाली आहे. चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असा मजकूर असेल तर ते पूरक अन्न, मग वर मधुमेहाचं चित्र कितीही मोठं असो. राज्य लघु वनोपज संघाचा माल ‘छत्तीसगढ हर्बल्स’ या नावाने संजीवनी केंद्रांत मिळतो, तिथेही हेच वाचायचं. प्रश्न आजाराचा असेल तर दुकानात वेळ घालवू नये. शहरात श्री नारायण प्रसाद अवस्थी शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथे वैद्य तपासतात.

पुडीचा एक फायदा कॅप्सूल आणि बाटली दोघींकडे नाही: अख्खी वनस्पती ओळखता येते. गुळवेलीच्या जातभाईच्या, टिनोस्पोरा क्रिस्पाच्या काडीवर ठळक गाठी-फोड असतात. चूर्ण झालं की दोघी सारख्याच. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि पुढच्या वर्षी देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून त्रेचाळीस. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की भलतीच जात वापरली गेली असावी. डॉक्टर आपल्या म्हणण्यावर राहिले. करोनाच्या त्या दिवसांत लोक घरच्या काड्या उकळून पीत होते, कॅप्सूलही घेत होते, रसही. ज्यांना थायरॉइड किंवा तत्सम स्वप्रतिकाराचा आजार आधीपासून होता त्यांना त्रास अधिक झालेला दिसला. गुळवेल, अश्वगंधा, हळदीचा अर्क, यांतलं काहीही चालू असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला कारण नसताना खाज सुटली, तर त्याच दिवशी ते बंद करून यकृताची तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांकडे जाताना बाटली किंवा पुडी सोबत न्यावी आणि रोज किती कॅप्सूल किंवा चमचे घेतले एवढंच न सांगता, दिवसाचे ग्रॅम किंवा मिलिलीटर किती आणि कोणत्या तारखेपासून, ते लिहून न्यावं.